आगाखान पॅलेसमधल्या कस्तुरबा

मागच्या रविवारी आमच्या गटातल्या आम्ही सगळ्या घरच्यांना घेऊन पुण्याला जाऊन आलो. पारगावहून सकाळी सहाला निघालो. लेकरं, सासवा, नवरे, सगळे सोबत. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली होती. जायचं होतं येरवड्याजवळच्या आगाखान पॅलेसला.

हा वाडा तिसरे आगाखान सुलतान महंमद शाह यांनी 1892 साली बांधला. दुष्काळात आसपासच्या लोकांच्या हाताला काम मिळावं, हा त्यामागचा हेतू होता असं सांगतात. उंच कमानी, लांब व्हरांडे, भोवती मोठी झाडं आणि हिरवळ. लेकरं तर आल्या आल्या हिरवळीवरच धावत सुटली. आत संग्रहालय आहे, कारण हा राजवाडा एके काळी तुरुंग झाला होता.

9 ऑगस्ट 1942 ला पहाटे मुंबईत गांधीजींना अटक झाली. त्या दिवशी शिवाजी पार्कवर सभा होती. ते नसतील तर मी बोलते, असं कस्तुरबा म्हणाल्या. सभेला निघाल्या आणि त्यांनाही पकडलं. म्हणजे नवऱ्याच्या मागोमाग त्या तुरुंगात गेल्या नव्हत्या, स्वतःच्या पायानं गेल्या होत्या.

आणि ही काही पहिली वेळ नव्हती. 1913 साली दक्षिण आफ्रिकेतल्या एका न्यायालयानं निकाल दिला, की ख्रिस्ती पद्धतीनं न झालेली लग्नं कायद्यानं खरी नाहीत. एका निकालानं तिथल्या आपल्या बायका बेकायदा ठरल्या! तेव्हा कस्तुरबा इतर बायकांबरोबर सत्याग्रहाला उतरल्या आणि तीन महिने सक्तमजुरी भोगून आल्या. पुढच्याच वर्षी नवा कायदा झाला आणि ती लग्नं मान्य झाली.

आगाखान पॅलेसमध्ये आणून सहा दिवस होत नाहीत तोच, 15 ऑगस्टला, गांधीजींचे चिटणीस महादेवभाई देसाई गेले. नंतर कस्तुरबांचीही तब्येत ढासळत गेली. तरी सत्तरी ओलांडलेल्या कस्तुरबा तिथं गांधीजींकडून भूगोल, इतिहास शिकत होत्या. लहानपणी शाळा मिळाली नव्हती ना! 22 फेब्रुवारी 1944 ला, कैदेतच, त्यांनी प्राण सोडला. दोघांच्या समाध्या बागेच्या कडेला आहेत. 1969 साली चौथ्या आगाखानांनी हा वाडा देशाला दिला.

समाधीपाशी आमच्यातल्या एका मुलीनं विचारलं, "या कोण?" तिचे वडील म्हणाले, "गांधीजींची बायको." उत्तर खोटं नव्हतं, पण आम्हाला ते अपुरं वाटलं. आपल्याकडंही असंच होतं. शेतात राबते ती, पण सातबारावर नाव त्याचं. मग इतिहासात तरी तिचं नाव कुठून यायचं?

कस्तुरबांच्या नावानं लोकांनी वर्गणी गोळा केली. त्यातून खेड्यातल्या बायका-मुलांसाठी राष्ट्रीय स्मारक निधी उभा राहिला. आपल्याच पुणे जिल्ह्यात, सासवडला, प्रेमाताई कंटक यांनी ते काम चालवलं आणि गावात काम करणाऱ्या सेविका तयार केल्या.

बागेबाहेर झाडाखाली आम्ही दशम्या खाल्ल्या. गटातल्या सगळ्यांत थोरल्या आजी गप्प होत्या. त्या अजून रजिस्टरवर अंगठाच लावतात. "आता या वयात काय शिकायचं," असं दर बैठकीला म्हणतात. परतीच्या वाटेवर त्यांनी हळूच विचारलं, "त्या बाईंना खरंच एवढ्या वयात शिकवत होते?"

परवाच्या बैठकीत त्यांनी रजिस्टर पुढं ओढलं. म्हणाल्या, "अंगठ्याची शाई राहू दे बाजूला. हात थरथरला तर लागंल." दोन अक्षरं झाली आणि हात खरंच थरथरला. मग अंगठाही लावला. राहिलेली अक्षरं पुढच्या बैठकीला काढणार आहेत.

मैत्रिणींनो, तुमच्याही गटात अशा कुणी आजी असतील. त्यांना एकदा कस्तुरबांची ही गोष्ट नक्की सांगा.