निबंध १९५८ चा, निकाल १९९८ चा

आमच्या लहानपणी मोरजीत कुष्ठरोगाचे नावही कोणी मोठ्याने घेत नसे. मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात मात्र त्याआधीच बापट, कमल रणदिवे आणि खानोलकर यांनी रुग्णांकडून मिळवलेले जंतू वाढवले होते. निबंध १९५८ चा. ते खरे कुष्ठजंतू नव्हतेच, असे पुढे ठरले! तरी मारलेल्या त्याच जंतूंपासून डॉ. देव यांनी लस केली. ती शरीराला कुष्ठजंतू ओळखायला शिकवी. तमिळनाडूत १,७१,४०० स्वयंसेवकांवर चार लसी पारखल्या गेल्या. या लसीचे संरक्षण ६५.५ टक्के भरले, नुसत्या बीसीजीचे ३४.१. आम्हा सरकारी नोकरांचा गोपनीय अहवाल पूर्वी दरवर्षी लिहीत. हा अहवाल १९९८ मध्ये आला, तेव्हा रणदिवेबाई ऐंशीच्या होत्या.