आधी पाणी, मग विस्तव

एखादी गोष्ट वाया गेली की आपण सहज म्हणतो, 'गेली बंबात!' पण बंबाखाली स्वतः जाळ घातलेली माणसं आता थोडीच उरली आहेत. हमाम हा शब्द अरबीतून आपल्याकडे आला आणि बंब बहुधा पोर्तुगीज 'बोंबा'तून. हमाम राहिला वाड्यांत आणि किल्ल्यांत. बंब मात्र चाळीतल्या मोरीपर्यंत पोचला.

पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी 1954 मध्ये स्थापन झाली. 1962 मध्ये औद्योगिक विकास महामंडळ आलं आणि भोसरी, आकुर्डी, चिंचवडच्या शेतांतून धुराडी दिसू लागली. 1970 मध्ये नगरपालिका झाली, 1982 मध्ये महापालिका. कारखान्याचा भोंगा बऱ्याच घरांत नळाच्या आधी पोचला. पहिल्या पाळीला निघणाऱ्या माणसाला पहाटे ऊन पाणी हवं असे. ते आडातून शेंदून, घागरीने आणून बंबात ओतावं लागे. त्याच्या अंघोळीआधी घरातल्या बाईच्या दोन खेपा झालेल्या असत.

बंबाची रचना साधी. खाली जाळी, मधोमध उभी नळी आणि नळीभोवती पाणी. जाळीवर ढलप्या, गोवऱ्या, कणसांची बुरकुंडं पेटवायची. धूर नळीतून वर जाताना भोवतालचं पाणी तापवायचा. नळाचं घर असो वा आडाचं, बंब तोच. फरक होता तो सावधपणात. नळ नसलेल्या घरात पाणी केव्हाही संपे आणि जाळावर रिकामा राहिलेला बंब सांध्यांत उकले. म्हणून घराघरांत एकच ताकीद होती : आधी पाणी, मग विस्तव. एक बादली काढली की एक बादली ओतायची.

दुसरा शत्रू पाण्यातच होता. आपल्याकडच्या बऱ्याच विहिरींचं पाणी जड. ते तापलं की त्यातला चुना सुटतो आणि आतून पांढरा थर धरतो. तांबं जेवढी उष्णता वाहून नेतं, तिचा शंभरावा भाग जेमतेम हा थर नेतो. मग सरपण वाढे आणि पाणी कोमटच राही. चिंचेच्या कोळाने हा थर सुटे, कारण आंबटात चुना विरघळतो. नळीतली काजळी काठीला चिंधी बांधून काढत आणि राख रोज उपसत. सांधा गळू लागला की बंब तांबटाकडे जाई. पुण्याच्या तांबट आळीत पेशवाईपासून हातोडे वाजत होते. तिथे सांधा झाळून मिळे. बंब टाकून देण्याची वस्तू नव्हती. सासूचा बंब सुनेकडे येई आणि त्याच्यासोबत त्याची निगाही.

नळ आले, मग गिझर आले. तांबं मोडीत गेलं. पाण्याची विवंचना मात्र मोडीत निघाली नाही. नोव्हेंबर 2019 मध्ये पिंपरी-चिंचवडला दिवसाआड पाणी सुरू झालं. मोशी-चाकणकडच्या कितीतरी नव्या इमारती बोअर आणि टँकरवर चालल्या. गच्चीवर सौरबंब, दारात टँकर. त्या जड पाण्याने गिझरच्या कॉइलवर तोच पांढरा थर चढतो. टाकी कोरडी पडून सौरबंबाच्या काचेच्या नळ्या उन्हात तापल्या आणि भर दुपारी त्यांत गार पाणी सोडलं, तर काच तडकते. अशा वेळी पाणी सोडायचं ते नळ्या निवल्यावर, भल्या सकाळी.

आपण सौरबंब म्हणतो, म्हणजे नाव ठेवलं; ताकीद तेवढी गळली. यंत्राबरोबर माहितीपत्रक येतं, ते कपाटात जातं. पूर्वी ही माहिती रोज पहाटे पाणी ओतणाऱ्या बाईच्या हातात असे. तिचं नाव कुठल्या बंबावर कोरलेलं नाही. कोरलं असलंच, तर भांडं देणाऱ्याचं.