निरोप्या विषाणू

नेमावरच्या घाटावरून पैलतीरीच्या हंडियास जावयाचे, तर पूल होण्यापूर्वी नावेवाचून गत्यंतर नसे. मानवी पेशीचेही असेच आहे. निर्दोष जनुक प्रयोगशाळेत सिद्ध असले, तरी पेशीच्या आवरणापलीकडे ते आपणहून जाऊ शकत नाही. त्यास नावाडी लागतो आणि ही विद्या विषाणूइतकी कोणास साधलेली नाही. त्याच्या पोटातील उपद्रवी ऐवज काढून त्या जागी उपकारक जनुक ठेवावयाचे, एवढीच ही युक्ती.

विषाणूस कामाला लावणे आपणास अगदी नवे नाही. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस देवीची लस टोचली, ती हिंदुस्थानातील पहिली. मात्र विषाणू म्हणून काही असते, हेच तेव्हा कोणास ठाऊक नव्हते! जाणूनबुजून त्याच्या पाठीवर जनुक देऊन रोग हटविण्याचा पहिला मान्यताप्राप्त प्रयोग अमेरिकेत सप्टेंबर १९९० मध्ये एका चार वर्षांच्या बालिकेवर झाला. पुढची वाट मात्र सरळ नव्हती. १९९९ साली फिलाडेल्फियात अठरा वर्षांचा जेसी गेल्सिंगर अशाच प्रयोगात दगावला. टोचलेल्या विषाणूविरुद्ध त्याचे शरीरच विलक्षण प्रक्षुब्ध झाले. तो काही मरणाच्या दारी नव्हता. पथ्य व औषधे यांवर त्याचे बरे चालले होते. म्हणून हा मृत्यू अधिक बोचतो. पॅरिसच्या प्रयोगात तर बऱ्या झालेल्या काही बालकांस पुढे रक्ताचा कर्करोग जडला, कारण नावाड्याने उतारू भलत्याच धक्क्यावर उतरविला होता.

आपल्याकडील कथा पवईची आहे. मुंबईच्या आयआयटीतील डॉ. राहुल पुरवार आणि टाटा स्मारक केंद्रातील वैद्य यांनी लेंटिव्हायरस हाताशी धरला. हा एड्सच्या विषाणूच्या कुळातला, पण वंशवृद्धीची शक्ती हिरावून घेतलेला. रोग्याच्या टी पेशी बाहेर काढून त्यांत तो नवे जनुक पोचवितो. त्यायोगे कर्करोगाने बिघडलेल्या बी पेशींवरील सीडी-१९ ही खूण त्यांस ओळखू येते. मग त्या वाढवून पुन्हा शिरेवाटे देतात. विषाणूची कामगिरी शरीराबाहेरच उरकते, हे मला यातील मोठे शहाणपण वाटते. जून २०२१ मध्ये पहिल्या रोग्यावर उपचार झाला, ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारी मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी पवईत त्याचे लोकार्पण केले. किंमत परदेशाच्या सुमारे एक दशांश. तरीही ती कित्येक लाखांच्या घरात आहे.

वेल्लोरच्या ख्रिस्ती रुग्णालयात याच जातीच्या विषाणूने हिमोफिलियाच्या पाच रोग्यांवर उपचार झाले. डिसेंबर २०२४ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तोवर त्यांपैकी कोणासही पुन्हा रक्तस्राव झाला नव्हता.

आणि सिकलसेल? मध्य प्रदेशातील आदिवासी पाड्यांस हा आजार परिचित आहे. लेंटिव्हायरसवर आधारलेल्या त्यावरील उपचारास अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. त्याची किंमत ३१ लाख डॉलर. आपल्या पाड्यांवरील मुलांस आज मिळते ते हायड्रॉक्सियुरिया, आणि प्रसंग पडल्यास दुसऱ्याचे रक्त.