महाराष्ट्राचा लोकसभा कौल : मतांइतकेच वजन युती-आघाडीला

उत्तर प्रदेशाच्या खालोखाल लोकसभेच्या सर्वाधिक, म्हणजे ४८ जागा महाराष्ट्रात आहेत. केंद्रातील सत्तेची समीकरणे ठरविण्यात या जागांचा वाटा मोठा असतो. मात्र, १९९६ पासूनचे निकाल पाहिले असता, कोणाला किती मते मिळाली यापेक्षा कोण कोणाबरोबर लढले, या प्रश्नानेच अनेकदा निकाल फिरविल्याचे दिसते.

मते वाढली, जागा घटल्या

शिवसेना-भाजप युती १९८९ मध्ये झाली. १९९६ च्या निवडणुकीत युतीने सुमारे ३९ टक्के मतांच्या बळावर ३३ जागा (भाजप १८, शिवसेना १५) जिंकल्या. काँग्रेसला १५ जागांवर समाधान मानावे लागले.

दोनच वर्षांनी चित्र पालटले. १९९८ मध्ये शरद पवार यांच्या पुढाकाराने काँग्रेसने रिपब्लिकन पक्षाचे एकत्र आलेले गट आणि समाजवादी पक्ष यांना सोबत घेतले. काँग्रेसला ३३ जागा मिळाल्या. प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, जोगेंद्र कवाडे आणि रामदास आठवले हे रिपब्लिकन पक्षाचे चारही नेते खुल्या मतदारसंघांतून निवडून आले. विशेष म्हणजे युतीची मते या वेळी घटली नव्हती. ती ४२ टक्क्यांपर्यंत वाढली होती. तरीही तिच्या जागा ३३ वरून १० वर आल्या. विरोधातील मतांची फाटाफूट थांबली, एवढाच काय तो फरक.

फुटीची किंमत

जून १९९९ मध्ये पवार यांनी राष्ट्रवादी काँग्रेसची स्थापना केली आणि त्याच वर्षीच्या निवडणुकीत दोन्ही काँग्रेस परस्परांविरुद्ध उभ्या राहिल्या. काँग्रेसला सुमारे ३० टक्के, तर राष्ट्रवादीला सुमारे २२ टक्के मते मिळाली. या दोहोंची बेरीज निम्म्याहून अधिक होते. पण जागा मिळाल्या अवघ्या १६ (काँग्रेस १०, राष्ट्रवादी ६). ३८ टक्के मतांवर युतीने २८ जागा पटकावल्या. लोकसभेबरोबरच झालेल्या विधानसभा निवडणुकीनंतर दोन्ही काँग्रेसना राज्यात एकत्र सरकार स्थापन करावे लागले.

२००४ मध्ये दोन्ही बाजू एकसंधपणे लढल्या आणि लढत तुल्यबळ झाली. युतीला २५, तर काँग्रेस आघाडीला २३ जागा मिळाल्या. २००९ मध्ये महाराष्ट्र नवनिर्माण सेनेने मुंबई परिसरात युतीच्या मतांना खिंडार पाडले. मनसेला एकही जागा मिळाली नाही. परंतु मुंबईतील सहाही जागा आघाडीकडे गेल्या. राज्यात आघाडीला २५, तर युतीला २० जागा मिळाल्या.

लाट आणि ‘वंचित’

आघाड्यांचे गणित सर्वकाळ पुरे पडतेच असे नाही. २०१४ मध्ये दोन्ही काँग्रेस एकत्र असूनही त्यांना केवळ सहा जागा मिळाल्या. भाजपला २३, शिवसेनेला १८ आणि त्यांच्यासोबतच्या स्वाभिमानी पक्षाला एक जागा मिळाली. येथे मतदारच मोठ्या संख्येने सरकला होता. २०१९ मध्ये भाजप-शिवसेनेने ४१ जागा राखल्या व त्यांची मते निम्म्यावर गेली. तथापि, काही मतदारसंघांत वंचित बहुजन आघाडीने काँग्रेस आघाडीला धक्का दिला. नांदेडमध्ये अशोक चव्हाण जितक्या मतांनी पराभूत झाले, त्याहून कितीतरी अधिक मते वंचितच्या उमेदवाराला होती. वंचितचा सहकारी पक्ष एमआयएमने औरंगाबादची जागा जिंकली.

दोन फुटींनंतरचा कौल

२०१९ च्या अखेरीस शिवसेनेने भाजपची साथ सोडली आणि महाविकास आघाडी अस्तित्वात आली. २०२२ मध्ये शिवसेना आणि २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटली. निवडणूक आयोगाने मूळ नाव व चिन्ह अनुक्रमे एकनाथ शिंदे आणि अजित पवार यांच्या गटांना दिले. त्यामुळे २०२४ मध्ये दोन शिवसेना आणि दोन राष्ट्रवादी रिंगणात होत्या.

महाविकास आघाडीने ३० जागा (काँग्रेस १३, ठाकरे गट ९, शरद पवार गट ८), तर महायुतीने १७ जागा (भाजप ९, शिंदे गट ७, अजित पवार गट १) जिंकल्या. मतांतील अंतर मात्र एक टक्काही नव्हते. मुंबई वायव्य मतदारसंघाचा निकाल तर अवघ्या ४८ मतांनी लागला. सांगलीत आघाडीतील जागावाटपाचा वाद विकोपाला गेला आणि काँग्रेसचे बंडखोर विशाल पाटील अपक्ष म्हणून विजयी झाले.

हा कौल किती निसरडा होता, ते सहा महिन्यांतच दिसले. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत महायुतीने २८८ पैकी २३० जागा जिंकल्या.

सर्वाधिक मते घेणारा उमेदवार विजयी, ही आपल्या निवडणूक पद्धतीची रीत आहे. तीत पराभूत उमेदवारांची मते जागांच्या हिशेबात उतरत नाहीत. म्हणूनच जागावाटपाच्या बैठकीत झालेला एखादा निर्णय लाखो मतदारांच्या पसंतीला अर्थ देऊ शकतो किंवा ती निष्फळही ठरवू शकतो. जागांच्या आकड्यांवरून जनमताचा अंदाज बांधण्यापूर्वी शेजारचा मतांच्या टक्केवारीचा रकाना वाचणे म्हणूनच अगत्याचे ठरते.