कारणाविना काव्य, कारणाविना रस

अभिनवगुप्ताच्या ‘लोचन’ टीकेचा मंगलश्लोक सरस्वतीच्या तत्त्वाचा जयजयकार करतो. कवी आणि सहृदय मिळून होणारे हे तत्त्व कारणाचा लेशही नसताना अपूर्व वस्तू प्रकट करते, असे तो म्हणतो. इ. स. १००० च्या सुमारास काश्मीरमध्ये केलेले हे विधान मम्मटाच्या ‘काव्यप्रकाशा’त अधिक काटेकोर होते. कवीची निर्मिती ‘अनन्यपरतंत्र’ आहे. ब्रह्मदेवाच्या सृष्टीला परमाणूंचे उपादान आणि कर्मादी सहकारी कारणे लागतात. कवीच्या सृष्टीला त्यांची गरज नाही.

गंमत अशी की, दोनच कारिकांनंतर मम्मट काव्याचा हेतू सांगतो: शक्ती, निपुणता आणि अभ्यास, तिन्ही मिळून एक. हा वदतोव्याघात मानण्याचे कारण नाही, कारण त्याने नाकारली ती परमाणू-कर्मादी विश्वाची कारणे. पण मग मंगलातील अकारणता स्तुतीपुरतीच उरते. सतराव्या शतकात जगन्नाथाने एकट्या प्रतिभेला हेतू मानले; तरी त्या प्रतिभेलाही कधी अदृष्ट, तर कधी व्युत्पत्ती व अभ्यास अशी कारणे दिलीच.

खरा पेच रसाचा. भरतसूत्रातील ‘निष्पत्ती’ भट्ट लोल्लटाने उत्पत्ती मानली. अभिनवगुप्ताला ते मान्य नाही. रस विभावांचे कार्य असता, तर कुंभार गेल्यावरही घट राहतो तसा विभाव सरल्यावरही तो राहिला असता. तो पूर्वसिद्ध नसल्यामुळे दिव्याने दिसणाऱ्या घटासारखा ज्ञाप्यही नाही. कारक आणि ज्ञापक यांहून वेगळे असे काही कोठे पाहिले आहे काय? कोठेच नाही, आणि हेच रसाच्या अलौकिकत्वाचे भूषण, असे मम्मट बजावतो. स्तुतीतली अकारणता येथे युक्तिवादाला उतरली आहे. तिची मर्यादाही त्याच युक्तिवादात आहे: विभाव गेले की रस जातो. तो उत्पन्न होत नाही, पण निराधारही नसतो.

मर्ढेकरांच्या ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथानंतर कलेच्या स्वायत्ततेवर मराठीत जे वाद झाले, त्यांत हा भेद पुष्कळदा निसटला. संवाद, विरोध, समतोल हे लयीचे नियम कलाकृतीच्या घडणीविषयी आहेत; ती कशातून उद्भवली, हा प्रश्न ते हाताळतच नाहीत. म्हणून ‘साहित्याला सामाजिक कारणे असतातच’ हा आक्षेप खरा असूनही नेम चुकलेला आहे. मम्मटाने तो सहज मान्य केला असता. त्याच्या लेखी कवीची निपुणता काव्य-शास्त्रांइतकीच लोकव्यवहाराच्या अवलोकनातूनही येते.