सुंभाचा पीळ

अलेप्पीला, म्हणजे आताच्या आलप्पुळ्याला, एनसीसीच्या बटालियनमध्ये बदली झाली तेव्हा कोर्समेट्सचे अभिनंदनाचे फोन आले. "हाउसबोट, मासे आणि आराम! मजा आहे बाबा." हाउसबोटीत मी सव्वादोन वर्षांत दोनदाच बसलो, तेही पाहुणे आले म्हणून. रविवार गेले ते एका जुन्या पिकअपच्या सीटपायी. त्या सीटने मला इतिहास कसा वाचायचा ते शिकवलं आणि मी तिच्या बाबतीत एक मोठी चूकही केली. दोन्ही लिहून ठेवतो.

गाडी एका निवृत्त हवालदारांची. आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये ड्रायव्हर होते, वय सत्तरीच्या पुढे. मी त्यांना उस्ताद म्हणायचो. खडकवासल्याला ज्यांच्याकडून काही शिकायचं त्या सगळ्यांना आम्ही उस्तादच म्हणत असू, ती सवय सुटलेली नाही. पेन्शनीत आल्यावर त्यांनी एका काथ्या व्यापाऱ्याकडून ही शेव्हरोलेट विकत घेतली आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं तिच्यातून नारळाची सोडणं आणि सुंभाची बंडलं वाहिली. आता ती शेडमध्ये उभी होती. मुलगा आखातात. त्याने एका रिसॉर्टवाल्याशी बोलणं केलं होतं: गाडी बागेत उभी करायची, मागच्या हौद्यात फुलझाडं लावायची. उस्तादांनी अजून होकार दिला नव्हता.

"इंजिन ठीक आहे, साब," ते म्हणाले. "पण सीटवर दहा मिनिटंसुद्धा बसवत नाही. स्प्रिंग टोचते. चालवता येत नसेल तर ठेवून काय करू?"

म्हणजे प्रश्न सीटचा होता. मी म्हटलं, सीट मी करून देतो.

गाडी १९५१ची. या घडणीचे ट्रक जनरल मोटर्सने अमेरिकेत १९४७च्या जूनमध्ये बाजारात आणले. आपल्याकडे जनरल मोटर्सचा कारखाना मुंबईत शिवडीला होता, १९२८ पासून. सुट्या भागांची खोकी बोटीने यायची आणि शिवडीत गाड्या जोडल्या जायच्या. या पिकअपला आपल्या जीपसारख्या दोन वेगळ्या सीटा नाहीत. या दारापासून त्या दारापर्यंत बाकासारखी एकच सलग सीट. तिघांनी बसायचं. मधल्या माणसाच्या पायांना जागा हवी म्हणून १९४८ मध्ये गिअरचा दांडा जमिनीवरून उचलून स्टिअरिंगच्या खांबावर नेला. हँडब्रेकसुद्धा पायाने दाबायचा केला. १९४९ पासून पेट्रोलची टाकी सीटच्या पाठीमागे, केबिनच्या आतच उभी केली. म्हणजे पाठ टेकली की चार बोटांवर पेट्रोल. वेल्डिंग करायचं तर सीट बाहेर काढूनच, हा पहिला नियम.

हमरस्त्यालगत बस आणि रिक्षांच्या सीटा शिवणारे एक म्हातारे मिस्त्री होते. त्यांना हिंदी येत नव्हतं आणि मला मल्याळम. उस्ताद दुभाषे. एका रविवारी आम्ही तिघांनी मिळून सीट उतरवली आणि शेडमध्ये दोन पिंपांवर आडवी ठेवली. मिस्त्रींनी कडेचे चुका एकेक करून उपटले.

सगळ्यात वर तांबडं रेक्झिन, बसच्या सीटला असते तशी पांढरी पायपिंग. रेक्झिन हे मुळात मँचेस्टरजवळ बनणाऱ्या एका कापडाचं व्यापारी नाव. कंपनी विसरली गेली, नाव आपल्याकडे प्रत्येक नकली चामड्याला चिकटलं. रेक्झिनखाली फोम. बोट लावलं की त्याचं पिवळं पीठ व्हायचं. हे दोन्ही उस्तादांनीच नव्वदच्या सुमारास घातलेलं. त्याखाली हिरवं कॅन्व्हास. मी विचारलं, "हे ओळखीचं वाटतंय?" उस्ताद हसले. डिस्पोजलच्या बाजारातून घेतलेलं तंबूचं कापड. गाडी घेतल्यावर पहिलं काम त्यांनी ते केलं होतं.

कॅन्व्हासखाली काथ्या. नुसता कोंबलेला नाही, चांगला पिंजून, थर लावून, दाभणाने सुतळीचे लांब टाके घालून पक्का केलेला. त्याखाली काळा पडलेला कापसाचा थर, मग गोणपाट आणि तळाला गुंडाळीच्या स्प्रिंगा. चार तुटलेल्या. दोन कुणीतरी बाइंडिंग वायरने जोडलेल्या.

काथ्या आणि कापूस यांच्या मध्ये एक नाणं सापडलं. पैसा. घासून पाहिलं तर त्यावर 'नया पैसा' आणि साल १९५७. दशमान नाणी आपल्याकडे १ एप्रिल १९५७ला सुरू झाली. काथ्याचा थर खाली शिवून बंद केलेला होता, म्हणजे नाणं वरून घरंगळत तिथवर जाणं शक्य नव्हतं. ते कापसावर पडलं आणि मग कुणीतरी त्यावर काथ्या चढवला. म्हणजेच काथ्याचं काम १९५७च्या आधीचं नाही. उत्खनन करणारे लोक मातीच्या थरांचं वय असंच काढतात. मला वाटलं होतं मी गादी उसवतोय.

मग प्रश्न पडला. १९५१ची गाडी इतक्या लवकर काथ्यावर का आली? उत्तर शिवडीत आहे. स्वातंत्र्यानंतर सरकारचं धोरण बदललं. नुसती जोडणी नको, गाड्या इथेच बनवा. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने सांगितलं की ज्यांच्याकडे देशात उत्पादन करण्याचा कार्यक्रम आहे त्यांनीच राहावं. जनरल मोटर्सने १९५४ मध्ये शिवडीचा कारखाना बंद केला. फोर्डही गेली. वालचंद हिराचंदांची कुर्ल्याची प्रीमियर राहिली, कलकत्त्याची हिंदुस्तान मोटर्स राहिली, आणि त्याच १९५४ मध्ये टाटांनी डेमलर-बेंझबरोबर जमशेदपूरला ट्रकांसाठी करार केला. आमच्या फौजेचा शक्तिमान १९५९ मध्ये जबलपूरला बनू लागला तोही याच विचाराने. युद्धकाळातल्या परदेशी गाड्यांवर किती दिवस काढायचे?

धोरण बरोबर होतं असंच मी आजही म्हणेन. पण देशभरच्या शेव्हरोलेट मात्र पोरक्या झाल्या. तीन वर्षांची गाडी आणि मागे कंपनीच नाही. सीट बसली तर नवी मागवायची कुठून? मग गावात जे होतं ते वापरलं. अलेप्पीत काय होतं? काथ्या. जेम्स डॅरा नावाच्या माणसाने इथे १८५९ मध्ये काथ्याच्या चटयांचा कारखाना काढला, तेव्हापासून हे गाव काथ्याचंच आहे. इंग्रजीतला 'कॉयर' शब्दसुद्धा मल्याळममधल्या 'कयर'वरून, म्हणजे दोरीवरून आलेला. आणि योगायोग पाहा, शेव्हरोलेटला परत पाठवणारा अहवाल १९५३चा आणि ज्यातून कॉयर बोर्ड उभं राहिलं तो कायदाही १९५३चाच. दिल्लीत दोन्ही फायली वेगवेगळ्या टेबलांवर असणार. अलेप्पीत त्या एका सीटमध्ये भेटल्या.

हे सगळं मला पुढे हळूहळू कळत गेलं. त्या रविवारी मात्र डोक्यात एकच शब्द होता: मूळ. गाडी मूळ स्वरूपात आणायची. काथ्या, कॅन्व्हास ही सगळी नंतरची भर. मी हुकूम सोडला, "हे सगळं काढून टाका. चांगला जाड फोम घाला. वर कंपनीसारखं तपकिरी रेक्झिन." मिस्त्रींनी उस्तादांकडे पाहिलं. उस्ताद काही बोलले नाहीत. पंधरा वर्षं हवालदाराने साहेबापुढे जे केलं तेच केलं: "ठीक आहे, साब."

सांगाडा घासून रेड ऑक्साइड मारला, तुटक्या स्प्रिंगा बदलल्या, वर चार इंच फोम. सीट दिसायला देखणी झाली. मी फोटो काढून कोर्समेट्सच्या ग्रुपवर टाकले आणि भरपूर अंगठे मिळवले.

उस्ताद बसले. फोमने त्यांना दीड-दोन इंच वर उचललं होतं. स्टिअरिंगचं मोठं चाक मांड्यांना घासत होतं. क्लच पूर्ण दाबायला त्यांना पुढे सरकावं लागत होतं आणि पुढे सरकलं की पाठीला आधार नाही. त्यातून पाऊस सुरू झाला. पुढच्या काचेचं रबर जुनं, थोडं गळायचंच. फोमने ते पाणी पिऊन घेतलं. दोन आठवड्यांनी सीट दाबली की पाणी वर यायचं आणि खाली नव्या रंगावर गंजाचे ठिपके.

उस्ताद खाली उतरले, हात पुसले आणि शांतपणे म्हणाले, "छान झाली आहे, साब. आता रिसॉर्टवाल्याला देऊन टाकतो. त्यांच्या कामाची आहे."

माझ्या आयुष्यात वरिष्ठांनी मला बरंच सुनावलं आहे. इतकं लागलं नव्हतं. माणसाने चालवण्यासाठी सीट मागितली होती आणि मी त्यांना बघण्यासाठी सीट दिली.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींकडे गेलो. चूक कबूल करायला दुभाषा लागत नाही. त्यांनी दुकानाच्या माळ्यावरून एक पोतं खाली ओढलं. आत तोच काथ्या. मी टाकून द्यायला सांगितलेला त्यांनी धुऊन, वाळवून ठेवला होता. मूठभर काढून माझ्या तळहातावर ठेवला, माझीच बोटं त्यावर आवळली आणि सोडली. काथ्या पुन्हा फुलला. निदान पन्नास वर्षांपूर्वीचा काथ्या.

मी मूळचा वेंगुर्ल्याचा. आमच्याकडे खाडीत सोडणं कुजत घालायचे, महिनोन्‌महिने. मग ती ठोकून काढायची आणि आजी मांडीवर सुंभ वळायची. तो वास मला झोपेतसुद्धा ओळखता येईल. पण गादीचा काथ्या कसा करतात ते मला इथे कळलं. आधी त्याची दोरी करतात, आणि नेहमीपेक्षा जास्त पीळ देऊन करतात. ती तशीच ठेवून पीळ मुरू देतात आणि नंतर दोरी उलगडून टाकतात. दोरी राहत नाही. प्रत्येक धाग्यात मात्र वेटोळं राहतं आणि ते वेटोळंच स्प्रिंगसारखं काम करतं. घोड्याच्या केसांच्या गाद्याही पूर्वी अशाच करत: पीळ द्या, मुरू द्या, सोडा. हल्लीच्या गाद्यांमध्ये त्याच वेटोळ्या काथ्यावर रबराचा चीक फवारून तो भाजतात. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, हे आपण हेकट माणसाला उद्देशून म्हणतो. मिस्त्रींच्या दुकानात मला ती म्हण कौतुकाची वाटली.

काथ्यात लिग्निन भरपूर असतं, त्यामुळे तो सहज कुजत नाही. पाणी धरून ठेवत नाही, झिरपू देतो. केरळच्या पावसात उघड्या शेडमध्ये उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी याहून चांगला माल शोधून सापडला नसता. १९५७नंतरच्या त्या अनामिक कारागिराने नाइलाज म्हणून जे केलं, ते त्या गाडीसाठी कारखान्यापेक्षा बरं होतं.

आणि 'मूळ' म्हणजे तरी काय? तळाच्या गोणपाटाकडे मी पुन्हा पाहिलं. अमेरिकेत त्या काळी लागणारं गोणपाट बहुतांशी कलकत्त्याहून जायचं. ते शिवडीत ठोकलेलं असो की समुद्रापलीकडे, ताग बंगालचाच. ती घडण बाजारात आल्यावर दोन महिन्यांच्या आत फाळणी झाली. तागाची बहुतेक शेतं पलीकडे गेली, गिरण्या हुगळीच्या काठी अलीकडे राहिल्या. म्हणजे अमेरिकन म्हणवणाऱ्या सीटचा सगळ्यात जुना थरच आपल्याकडच्या मातीतला होता.

सीट पुन्हा उसवली. या वेळी हुकूम मिस्त्रींचे. स्प्रिंगा सुतळीने एकमेकींना आडव्या-उभ्या बांधल्या, म्हणजे एकीवरचा भार शेजारणींवर वाटला जातो. वर नवं गोणपाट. मग धुतलेला जुना काथ्या आणि कमी पडला तेवढा नवा. त्यावर पातळ कापूस. तपकिरी रेक्झिन तेवढं माझं राहिलं. शिवण्याआधी उस्तादांना तीनदा बसवलं आणि त्यांचा पाय क्लचवर पूर्ण जातो का ते पाहिलं. उंची जमली तेव्हा मिस्त्रींनी दाभण उचललं. नया पैसा उस्तादांनी पुन्हा काथ्याखाली ठेवायला लावला. "पुढच्या उघडणाऱ्यालाही तारीख कळू दे." शेजारी मी त्या वर्षीचं एक रुपयाचं नाणं ठेवलं.

मुलाने आखातातून फोनवर विचारलं तेव्हा उस्तादांनी सांगितलं की रिसॉर्टवाल्याला कुंड्या दुसरीकडे ठेवायला सांग.

माझी पुढची बदली आली ती राजस्थानात. निघायच्या दिवशी स्टेशनवर सोडायला सरकारी गाडी होती. ती मी परत पाठवली. उस्ताद स्टिअरिंगवर, डाव्या दाराशी मिस्त्री, मधे मी, पाय ऐसपैस. जीपमध्ये इतकी वर्षं बसलो, तिथे प्रत्येकाची सीट वेगळी आणि कोण कुठे बसणार ते ठरलेलं. या सीटवर तसं ठरवताच येत नाही. स्टेशन आलं, मिस्त्री दार उघडून खाली उतरले आणि त्यांच्या बाजूच्या स्प्रिंगा वर आल्या तशी माझी बाजूही हलकेच उचलली गेली. उस्तादांनी इंजिन चालूच ठेवलं होतं. म्हणाले, "बंद करत नाही, साब. परतताना सुंभाची बंडलं घ्यायची आहेत."