विषाणुजन्य आजाराची तीव्रता, हवाप्रदूषण व चयापचय : सातारा–सांगली

श्वसनमार्गाचा विषाणुसंसर्ग काहींत सौम्य राहतो, काहींत जिवावर बेततो. वय व लसीकरणाखेरीज दूषित हवा आणि चयापचयातील बिघाड (मधुमेह, स्थूलता) यांचाही त्यात वाटा असावा, हे मत कोविड-१९ च्या साथीत बळावले.

साथ : इस्लामपूर (ता. वाळवा) येथे मार्च २०२० मध्ये परदेशाहून परतलेले चौघे बाधित आढळले, पुढे लागण वीसहून अधिक निकटवर्तीयांत पसरली. दुसरी लाट कृष्णाकाठी रेंगाळली. २ ऑगस्ट २०२१ च्या शासन आदेशाने निर्बंध कायम राहिलेल्या ११ जिल्ह्यांत सातारा व सांगली दोन्ही होते.

हवा : उसाच्या फडात पेटवलेले पाचट, कारखान्यांचे बगॅसवरील बॉयलर, गुऱ्हाळे, वीटभट्ट्या, वाहने व रस्त्यांवरची धूळ हे प्रमुख स्रोत. २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात मानके न गाठणाऱ्या शहरांत सांगलीचा समावेश झाला, साताऱ्याचा नाही. सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वरचा पावसाळी माथा व माण-खटावचा कोरडा टापू एकाच सरासरीत बसवणे मात्र फसवे ठरते. पीएम २.५ हे अतिसूक्ष्म कण वायुकोशांपर्यंत पोहोचून दाह निर्माण करतात. त्यांचे भारतीय वार्षिक मानक घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ते ५ सुचवले.

चयापचय : इंग्लंडमधील २०२० च्या अभ्यासात रुग्णालयातील कोविड-मृत्यूची शक्यता दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात सुमारे दुप्पट, पहिल्या प्रकारात साडेतीनपट आढळली. रक्तातील वाढलेली साखर पांढऱ्या पेशींना दुबळे करते; मेदऊती दाहकारक द्रव्ये स्रवते. उपचारातील स्टेरॉइडने साखर आणखी चढते. २०२१ मधील म्युकरमायकोसिसच्या (काळी बुरशी) रुग्णांत अनियंत्रित मधुमेह ठळक होता.

मतभेद : अमेरिकेतील काउंटींच्या २०२० च्या अभ्यासात दीर्घकालीन पीएम २.५ मधील १ मायक्रोग्रॅम वाढीशी ११ टक्के अधिक कोविड-मृत्युदर निगडित आढळला. परंतु तो विभागवार सरासरींवर बेतलेला आहे, व्यक्तींवर नाही. येथे गळीत हंगाम एप्रिलपर्यंत आटोपतो, तर लाट लांबली जून-जुलैत, पावसाने धुतलेल्या हवेत. त्यामुळे तत्कालीन धुराला दोष देता येत नाही. प्रश्न उरतो तो वर्षानुवर्षे छातीत गेलेल्या धुराचा. शिवाय चाचण्यांतील बाधितांचे प्रमाण प्रसार दाखवते, तीव्रता नव्हे.



प्रतिबंध : पाचट न जाळता सरीत कुजवणे आणि रक्तातील साखर नियमित तपासणे, दोन्ही साथीआधी करण्याची कामे आहेत.